बांधापलीकडचा शेजारी

रानपिंगळा नावाचा एक पक्षी आहे. घुबडाच्या जातीतला, जेमतेम वीतभर उंचीचा. त्याची गोष्ट कुठेही वाचली तरी एक वाक्य हमखास येतं : हा पक्षी 113 वर्षं हरवला होता आणि 1997 साली सापडला. सापडला तो आमच्या खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी. म्हणून ही गोष्ट आम्ही थोड्या अभिमानानं सांगतो. पण ती सांगताना ‘हरवला’ या शब्दापाशी मी दरवेळी अडखळतो.

बैल हरवतो, कारण बैलाला मालक असतो. जत्रेत पोर हरवतं, कारण त्याची आई त्याला शोधत असते. रानपिंगळा कुणाचा होता? तो होता तिथेच होता. सागाच्या ढोलीत अंडी घालत होता, सरडे धरत होता, पिल्लं वाढवत होता. त्याच्या जवळजवळ चाळीस पिढ्या आपल्या नोंदवहीबाहेर सुखानं जगल्या असतील. गैरहजर आपण होतो आणि हजेरीपटावर गैरहजेरी त्याची लागली.

हा झाला शब्दाचा वाद. त्याच्यामागचा प्रश्न मात्र शब्दाचा नाही. ज्याची आपल्याला 113 वर्षं आठवणसुद्धा झाली नाही, ज्याच्यावाचून आपलं काही अडलं नाही, अशा जिवाचं आपण काही लागतो का? लागत असू तर किती? सावद्यात राहणाऱ्या केळीवाल्याला हा प्रश्न लांबचा नाही. आमच्या गावातून उत्तरेला बघितलं की सातपुडा दिसतो. खिरोद्यावरून पालकडे गेलं की यावल अभयारण्य लागतं. 1969 साली झालेलं, सुमारे 175 चौरस किलोमीटरचं. साग, अंजन, सलई, धावड्याचं रान. त्या रानातही रानपिंगळा आहे. म्हणजे तो आमचा शेजारी आहे. मी त्याला अजून पाहिलेला नाही.

आधी त्याची हकिकत नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

डिसेंबर 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या माणसानं आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एक लहानसं घुबड मारलं. 1873 साली ए. ओ. ह्यूम यांनी ते वेगळ्या जातीचं म्हणून जाहीर केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. हे ह्यूम म्हणजे पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातून असे आणखी काही पक्षी मिळवले. शेवटची खरी नोंद 1884 ची. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे नमुने किती, तर बोटांवर मोजण्याइतके.

त्यात एक जास्तीचा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा इंग्रज लष्करी अधिकारी पक्ष्यांचा मोठा जाणकार समजला जाई. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 1914, मांडवी, तापीकाठ. म्हणजे गुजरातेतली मांडवी. चिठ्ठीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी तो नमुना क्ष-किरणाखाली घालून, आतला भराव आणि शिवण तपासून बघितली. तो पक्षी डेव्हिडसननंच मिळवलेला निघाला. ब्रिटिश म्युझियममधून उचललेला, उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला. गावाच्या भाषेत सांगायचं तर जमीन एकाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

रासमुसेनबाईंनी त्या खोट्या चिठ्ठीकडे पाठ फिरवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या सोबत्यांना घेऊन त्या आधी पूर्वेकडे हिंडल्या, मग खानदेशात आल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने होते.

त्यानंतर तो तोरणमाळला दिसला, मेळघाटात दिसला, आमच्या यावलच्या रानात दिसला, 2014 साली मुंबईच्या उशाशी तानसाच्या जंगलात दिसला. गुजरातेतही डांगच्या बाजूला आढळला. म्हणून काही कर्नलची चिठ्ठी खरी ठरत नाही. ज्या गावी आपण गेलोच नाही तिथे पाऊस झाल्याची थाप मारावी आणि पुढे कधीतरी तिथे खरोखर पाऊस पडावा, तसं ते आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट.

आमच्या शेताला लागून एका गृहस्थांचं शेत होतं. ते नोकरीला मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. शेत बटाईनं दिलेलं, कधी पडीत. मी लहानपणापासून त्यांचं नाव ऐकत होतो, पण माणूस कधी पाहिला नाही. दरसाल नांगरटीच्या वेळी आमचा नांगर त्यांच्या बांधापाशी यायचा. शेतकऱ्याला सांगायला नको, बांध कसा कोरला जातो ते. एका दिवसात कोणी कुणाचं शेत गिळत नाही. एका साली एक तास सरकवायचं, दुसऱ्या साली आणखी एक. दहा वर्षांत बांध आपल्या जागेवरून हात-दोन हात पुढे गेलेला असतो, आणि कोणत्या साली चोरी झाली ते चोरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आमचे आप्पा बांधाच्या अलीकडेच नांगर वळवायचे. मधली वीतभर पट्टी तशीच राहायची, तिथे गवत माजायचं. एकदा नांगरणारा म्हणाला, “आप्पा, तो मुंबईले बसेल आहे. त्याले काय दिसते?”

आप्पा म्हणाले, “त्याले दिसत नाही, पण आपल्याले दिसते ना.”

एवढंच. पुढे त्यावर काही बोलणं झालं नाही. बैल वळले. कित्येक वर्षांनी त्या गृहस्थांच्या मुलानं ते शेत विकलं. व्यवहार जळगावला झाला. मुलगा शेतावर आलाही नाही. बांध जागच्या जागी आहे, हे त्याला कळलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. आप्पांचं त्यावाचून काही अडलं नाही.

रानपिंगळ्याचा विचार करताना मला हा बांध आठवतो. मालक बघतो आहे म्हणून बांध पाळायचा, तर मालक गेला की बांधही गेला. मालक आपल्या उपयोगी पडतो म्हणून पाळायचा, तर तो सौदा झाला. मालक गैरहजर आहे, आपल्या काही कामाचा नाही, त्याला कधी कळणारही नाही, आणि तरी नांगर अलीकडे वळतो, तिथे माणसाची नीत कळते.

पारावर हा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. मागे केळीची कटाई चालू असताना एक मित्र म्हणाला, “मले एक सांग, त्या पाखराचा आपल्याले उपेग काय? ते का आपले घड उचलून देईन?”

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याची जी उत्तरं दिली जातात ती मला कच्ची वाटतात. उंदीर खातो म्हणावं, तर आपल्या शेतातले उंदीर खातो तो गावातला साधा पिंगळा. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके असलेला. रानपिंगळा केळीच्या बागेत येत नाही. त्याला उघडं, पानगळीचं सागाचं रान लागतं. जंगल राहिलं तर विहिरींना पाणी राहील म्हणावं, तर ते खरंच आहे. रावेर-यावलच्या विहिरी आणि बोअर किती खाली गेल्या ते आम्हाला वेगळं सांगायला नको. पण पाणी जिरवायला झाडं लागतात, रानपिंगळा लागत नाही. तो उद्या संपला तरी सुकी नदीचं पाणी एका थेंबानं कमी होणार नाही. बघायला लांबून लोक येतील, पालच्या चार पोरांना रोजगार मिळेल म्हणावं, तर ज्या दिवशी लोक यायचे थांबतील त्या दिवशी काय करायचं?

म्हणून मी त्या मित्राला सांगितलं, उपयोग काही नाही. तो म्हणाला, मग झालं तर. मी म्हटलं, इथूनच तर सुरू होतं. कामाची वस्तू तर लुच्चा माणूसही जपतो. त्याच्यात त्याची नीत काय दिसली?

तो काही पटल्यासारखा दिसला नाही. घड मोजायला निघून गेला.

रानात राहणाऱ्यांना हा पक्षी आधीपासून माहीतच होता, साहेब लोकांना तेवढा नव्हता, असं काही जण म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे पालच्या बाजूचे एक तडवी बाबा सालदार होते, त्यांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, “पिंगळा म्हंजे पिंगळा, भाऊ. डोंगरातला का अन् गावातला का.” त्यांना रानातल्या शंभर गोष्टी माहीत होत्या. सलईचा डिंक कधी निघतो, अंजनाचा पाला ढोरांना कधी चारायचा, हे ते डोळे मिटून सांगत. पण हे दोन पिंगळे त्यांनी वेगळे केले नव्हते. तशी गरजच पडली नव्हती.

ज्यांनी वेगळे केले, त्यांनी काय पाहिलं? रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. पंखांवर आणि शेपटीवर काळे-पांढरे रुंद पट्टे असतात. पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले. घुबड असून तो दिवसा, उन्हात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्याला बसतो आणि बसल्या बसल्या शेपटी हलवतो. एवढाच फरक. पण हा फरक कोणीतरी पाहिला म्हणून तो हिशेबात आला. नाहीतर ‘पिंगळे काय, गावोगाव आहेत’ म्हणताना ही जात कायमची संपली असती आणि आपण म्हणालो असतो, पिंगळे तर आहेत की. वेगळं ओळखणं हीही बांध पाळण्याची पहिली पायरी आहे. दोन शेतांमधली हद्दच ज्याला दिसत नाही, तो पाळणार तरी काय?

म्हणूनच कर्नलची ती चोरी मला साध्या चोरीपेक्षा मोठी वाटते. म्युझियममधून एक वाळलेलं पाखरू गेलं, एवढ्यापुरतं ते नव्हतं. त्यानं हद्दीचा दगड हलवला. 1884 ला संपलेली नोंद 1914 पर्यंत ओढली आणि पक्ष्याचं गाव बदललं. ज्यांना त्याची खरी काळजी होती त्यांना त्यानं नको त्या ठिकाणी पाठवलं. पक्ष्याला काही कोणी फसवू शकत नाही. पण त्याच्याबद्दल खोटं बोलून त्याचं नुकसान करता येतं, हे या प्रकरणातून दिसतं. पिकपेऱ्यावर नसलेलं पीक लावलं की पुढे कुणाचा तरी हक्क बुडतो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. तसंच हे.

आता जी गोष्ट बोलायला अवघड आहे ती.

रानपिंगळ्याला घरटं बांधता येत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. ढोली म्हणजे फांदी मोडावी, आत कुजावं, सुतारपक्ष्यानं कोरावं, तेव्हा होते. त्याला झाडाचं वय लागतं. जुनं झाड तोडलं की खोडाला धुमारे फुटतात, पाच-दहा वर्षांत रान पुन्हा हिरवं दिसायला लागतं. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, वा, काय जंगल आहे. पण त्यात ढोली नसते. इथेही चोरी तासातासानंच होते. एक जुना साग गेला, एक तुकडा पेरला गेला, एक वणवा लागला. आज सगळ्या जगात पूर्ण वाढलेले रानपिंगळे हजाराच्या आत असावेत असा अंदाज आहे. आधी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत होता. नव्या ठिकाणी सापडत गेला म्हणून 2018 साली एक पायरी खाली ‘संकटग्रस्त’ यादीत आला. आपल्या कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला आहे. पंगत मिळाली म्हणजे पान वाढलं जातंच असं नाही.

मग रान कोरतं कोण? बोट दाखवायला सोपं आहे : वरचे लोक. पावरा, बारेला, भिल, तडवी. त्यांनी जंगलात शेती केली. पण मी सावद्याचा केळीवाला हे बोललो तर आधी माझ्या पायाखाली बघावं लागेल. तापीपासून सातपुड्यापर्यंतची ही काळी जमीन काही केळी लावूनच निर्माण झाली नव्हती. इथेही रान होतं, चराऊ कुरणं होती. आमच्या पूर्वजांनी ती मोडली. 1852 साली सरकारी मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी तिच्याविरुद्ध उठले होते. मोजणी झालीच. दगड रोवले गेले आणि त्या दिवशी जे आमच्या ताब्यात होतं ते आमच्या बापजाद्यांचं झालं. वनहक्क कायदा 2006 साली आला. त्यानं वरच्या लोकांना 13 डिसेंबर 2005 ची तारीख घालून दिली. आमची तारीख दीडशे वर्षं आधीची, त्यांची परवाची. आम्ही कोरून बसलो, आमचा बांध कायम झाला. आता त्यांना नीत शिकवायची?

आणि त्यांनी तोडलेला साग जातो कुठे? त्यांच्या कुडाच्या घरांना सागाच्या चौकटी नसतात. चौकटी, दिवाण, झोपाळे खालच्या गावांत आहेत, आमच्या घरांत आहेत. नांगर त्यांच्या हातात दिसतो, पण तास आमच्यासाठीही पडतो.

म्हणून मला वाटतं, रानपिंगळ्याचं आपण काही लागतो का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो : ते देणं भरायचं कुणी? सगळ्यांनी मिळून केलेलं कर्ज घरातल्या सगळ्यात गरीब भावाच्या नावावर टाकायचं, याला नीत म्हणत नाहीत. पालच्या वरच्या पाड्यातला माणूस उन्हाळ्यात आमच्याकडे केळी कापायला येतो. त्याला त्या तीन-चार महिन्यांत पुरेशी मजुरी मिळाली, तर त्याला झाडाकडे बघावं लागणार नाही. बिनपासाचा साग कोणी आणून दिला आणि आपण ‘नको’ म्हणालो, तर ते झाड उभं राहण्याची काही आशा आहे. त्यांचा पट्टा मोजून, हद्द घालून त्यांच्या हातात पडला, तर त्यांनाही पुढे न सरकण्याचं कारण राहील, जसं मोजणीनं आम्हाला दिलं. हे सगळं खर्चाचं आहे. माझ्या खिशातून जाणार आहे. फुकटात पाळता येणारा बांध कोणीही पाळतो.

घुबडाच्या नावानं आमच्याकडे शिवी देतात. ते घरावर बसलं की माणसं काठी घेऊन धावतात, अमावास्येला जादूटोण्यासाठी त्याला धरणारेही आहेत. रानपिंगळा यातलं काहीच ओळखत नाही. त्याच्या लेखी आपण शुभ नाही, अशुभ नाही, शोध लावणारेही नाही. 1997 च्या त्या सकाळी तिघा माणसांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना घडत होती. त्याच्यासाठी ती उन्हं खायची वेळ होती.

हे मला आवडतं. आपल्याकडून काहीही न मागणारा, आपल्याला ओळखही न देणारा एक शेजारी वर डोंगरात आहे. तो आभार मानायला येणार नाही आणि तक्रार करायलाही येणार नाही. तलाठ्याकडे त्याचा उतारा नाही. त्याची हद्द कुठे संपते ते त्याला दिसत नाही. आपल्याला दिसतं.